इंजिन बांधताना कॅमशाफ्ट जड फिरतोय (अँबेसेडर मार्क ३, १४८९ सीसी)

रामबागवाला, इंदूर · शनिवार, रात्री १०.१५

मंडळी, दोन दिवस डोकं चालेनासं झालंय, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी बाबांची. अँबेसेडर मार्क ३, १९७६ ची, पेट्रोल. बाबा गेल्यावर सात वर्षं शेडमध्ये उभी होती. या उन्हाळ्यात इंजिन उतरवलं. बोअर, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह गाइड ही सगळी कामं मशीन शॉपमधून करून आणली. तिन्ही कॅम बुशं (कॅमशाफ्ट ज्यांत फिरतो ती कडी) नवी, तीही त्यांनीच ठोकून रीम करून, म्हणजे आतून मापाला कापून दिली. माझ्या कॅमचे दोन लोब (व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे) झिजून पार गोल झाले होते, म्हणून त्यांच्याकडचा लोब भरून घासलेला दुसरा कॅम घेतला. जुना माझ्याकडेच आहे.

काल कॅम घातला. क्रँक अजून बसवलेला नाही. टॅपेट (लोबवर टेकणारे दट्टे) काढलेले, डेल्कोची (डिस्ट्रिब्युटरची) गरारी नाही, ऑइल पंप नाही, चेन नाही. ब्लॉकमध्ये फक्त कॅम आणि तीन बुशं. तेल लावून पुढून सरकवला. शेवटच्या इंचभरात, जिथे कॅमची तिन्ही जर्नल (बुशात फिरणारे गोल भाग) आपापल्या बुशात शिरतात, तिथे घट्ट लागला. हाताने दाबल्यावर गेला. आता टायमिंग गियर लावून फिरवतो तर दर फेरीत एका जागी जड होतो. साधारण पाव फेरी जड, मग सुटतो. गियरवर खडूने खूण केली आहे, जागा दर वेळी तीच.

कुठून सुरुवात करू?

पद्मिनीप्रेमी · शनिवार, रात्री १०.५०

नवीन काम घट्टच असतं. माझ्या पद्मिनीचं इंजिन बांधलं तेव्हा सेल्फने हलेना, ओढून सुरू करावं लागलं. दोनशे किलोमीटरनंतर मोकळं झालं. बांधून टाका, चालून चालून जागा करेल.

सांवेररोड_टर्नर, इंदूर · शनिवार, रात्री ११.३०

कृपा करून असं करू नका. पद्मिनीप्रेमी, तुमच्या इंजिनात नव्या पिस्टन रिंगांची ओढ होती. रिंगा आणि बोअर एकमेकांत बसतात, ते ठीक. कॅमचं तसं नाही. टॅपेट आणि चेन नसताना कॅम दोन बोटांनी फिरला पाहिजे. फिरत नसेल तर बुशातलं व्हाइट मेटल खरवडलं जाईल, आणि ते मऊ धातू तेलाच्या भोकात जाऊन बसेल.

या इंजिनात रॉकरला (वरून व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफांना) तेल मागच्या कॅम बुशातून वर जातं. तिथे कचरा अडकला की रॉकर शाफ्ट कोरडा. म्हणजे खाली केलेली घाई वर फेडावी लागेल.

रामबागवाला, आधी मापं घ्या. हे बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं बी-सिरीज इंजिन. आपल्याकडे अँबेसेडरला ते १९५९ पासून आलं, त्याआधी साइड व्हॉल्व्ह होतं. तेच १४८९ सीसी इंजिन एमजीए या स्पोर्ट्‌स गाडीत होतं, त्यामुळे अँबेसेडरचं पुस्तक हाताशी नसेल तर तिचं चालतं. माझ्या वहीतली मापं देतो, इंचात:

पुढचं जर्नल १.७८९, मधलं १.७२९, मागचं १.६२३. प्रत्येकात पाव थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) इकडे-तिकडे चालतं. बुशं बसवून रीम केल्यावर आतून १.७९०५, १.७३०५ आणि १.६२४५. म्हणजे तेलाला १ ते २ थाऊ फट राहिली पाहिजे. बुश ब्लॉकमध्ये दाबून बसतं, त्यामुळे आतून आकसतं. म्हणूनच जागेवर बसवल्यावर, तिन्ही एका रेषेत रीम करावी लागतात. तुमच्याकडे तशी केली का, ते विचारा.

आणि एक. मापं पहाटे घ्या. दुपारी शेडच्या पत्र्याखाली ब्लॉक तापलेला आणि मायक्रोमीटर कूलरसमोरून आणलेला असेल तर अर्धा थाऊ तिथेच हरवतो. कॅम, ब्लॉक आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत ठेवा.

लष्करकर, ग्वाल्हेर · रविवार, सकाळी ७.०५

माझ्याकडे मार्क २ आहे, तिच्या इंजिनात असाच प्रकार झाला होता. माझा दोष निघाला पुढच्या लोकेटिंग प्लेटमध्ये. तीन स्क्रूंची ती प्लेट कॅमला मागे-पुढे सरकू देत नाही. तिची व्हाइट मेटलची बाजू आत, जर्नलकडे हवी. माझ्या मिस्त्रीने उलटी लावली होती. फीलर गेजने बघा, मागे-पुढे सरक ३ ते ७ थाऊ हवी. प्लेटचे स्क्रू ढिले करून कॅम मोकळा झाला तर दोष तिथलाच.

रामबागवाला · रविवार, सकाळी ९.४०

दादा, प्लेट पूर्ण काढून बघितली. तेवढाच जड, त्याच जागी. म्हणजे प्लेट नाही.

शॉपला फोन केला. एका रेषेत रीम करायचा लांब रीमर त्यांच्याकडे नाही. प्रत्येक बुश हातातल्या ॲडजस्टेबल रीमरने वेगवेगळं केलं, असं त्यांनी सरळ सांगितलं. “शेकडो इंजिनं अशीच केली, चालतायत.” कोणतं शॉप ते इथे लिहीत नाही, भांडायचं नाहीये मला. पण पैसे घेताना हे सांगायला हवं होतं, याचं वाईट वाटलं. बाबांच्या इंजिनावर मी स्वतः उभं राहून काम करून घेतलं असतं.

मापं उद्या पहाटे घेतो.

बडोद्याची_काळी_मार्क२, बडोदा · रविवार, दुपारी १२.२०

थोडं थांबून विचार करू या, कारण “एका जागी जड होतो” यात बरंच काही दडलंय.

बहुतेक मिस्त्री लगेच म्हणतील, एका जागी जड म्हणजे कॅम वाकलाय. मीही तेच मानत होतो. पण कागदावर काढून बघा. कॅम मध्ये वाकलेला असेल तर मधलं जर्नल बुशात घिरट्या घालतं. बुश गोल असेल आणि बाकी दोघांच्या रेषेत असेल, तर ते जर्नल पूर्ण फेरीभर सारखंच घासेल. जड लागेल, पण सगळीकडे सारखं. आता उलट घ्या. कॅम सरळ आणि मधलं बुश रेषेतून सरकलेलं. तरीही ओढ सारखीच, कारण बुश काही फिरत नाही. ते नेहमी त्याच बाजूने दाबतंय.

फेरीत एकदाच जड व्हायला फिरणाऱ्या भागातही खोट हवी आणि स्थिर भागातही. दोन्ही उंचवटे समोरासमोर आले की अडतं, पाठमोरे झाले की सुटतं.

माझा अंदाज, तुमच्याकडे एक नाही, दोन दोष आहेत. एकच शोधून तो काढलात तर दुसरा लपून राहील, आणि तेव्हा कॅम इतपत मोकळा झालेला असेल की तुम्हाला वाटेल काम झालं.

जुना कॅम आहे म्हणालात, तो आता सोन्यासारखा. लोब झिजलेले असोत, जर्नल चांगली असतील तर तोच घालून बघा. तो सगळीकडे सारखा जड लागला तर बुशांत दोष आहे. नवा कॅम वेगळा तपासा, दोन व्ही-ब्लॉकवर टोकाची जर्नल ठेवून मधल्यावर डायल गेज लावा. दोन्ही तपासण्या एकमेकींवर अवलंबून नाहीत.

पद्मिनीप्रेमी · रविवार, दुपारी १.००

हे मी कधी असं बघितलंच नव्हतं. माझा वरचा सल्ला मागे घेतो.

रामबागवाला · सोमवार, सकाळी ८.३०

पहाटे पाचला उठून मापं घेतली. टर्नरदादांनी त्यांचं टेलिस्कोपिक गेज आणि डायल देऊन मुलाला पाठवलं, त्यांचे आभार कसे मानू कळत नाही.

जुना कॅम: तिन्ही जर्नल मापात. ब्लॉकमध्ये घातला तर जड, पण पूर्ण फेरीभर सारखा. खडूच्या खुणेला काही अर्थच उरला नाही.

नवा कॅम: जर्नल मापात, पण व्ही-ब्लॉकवर मधल्या जर्नलवर सुई ४ थाऊ फिरली.

बुशं: पुढचं आणि मागचं बरोबर. मधलं आतमध्ये १.७२९५, म्हणजे फट जेमतेम अर्धा थाऊ. आणि पुढच्या काठाशी, खालच्या बाजूला, १.७२८५. जर्नल १.७२९ चं, म्हणजे काठावर बुशच लहान. टॉर्च मारली तर तिथे नखाएवढी चकचकीत चकती दिसते, बाकी बुश मळकट राखाडी. काठ आत वळलाय. पाइपचा तुकडा ठेवून ठोकलं असावं.

बडोदेकर, दोन दोष म्हणालात, दोन निघाले.

बडोद्याची_काळी_मार्क२ · सोमवार, सकाळी ९.१०

सुई ४ थाऊ म्हणजे प्रत्यक्ष वाक २ थाऊ, डायल नेहमी दुप्पट दाखवतं. फट प्रत्येक बाजूला अर्धा ते एक थाऊ. तेव्हा तो कॅम चांगल्या बुशातही बसणार नाही. लोब भरताना एकीकडे उष्णता लागते, तिथेच वाकला असणार.

प्रेसखाली सरळ करायच्या भानगडीत पडू नका. ओतीव असेल तर तुटतो, आणि नाही तुटला तरी आत चीर राहिली का, हे तुम्हाला दिसणार नाही. परत करा.

माझ्याकडे मोडीत निघालेल्या एका मार्क ३ चा कॅम आहे. लोब छान आहेत, छताला टांगून ठेवलाय, आडवा नाही. आज तपासून सांगतो.

सांवेररोड_टर्नर · सोमवार, सकाळी ९.४५

मधल्या बुशाचं काय करायचं हा खरा प्रश्न. ते बदलायचं तर पुढचंही काढावं लागेल, कारण मधलं बाहेरच्या मापाने पुढच्यातून जात नाही. काढलेलं बुश परत वापरता येत नाही. म्हणजे नवा सेट, आणि परत रेषेत रीम करण्याचा प्रश्न तसाच. धातू जास्त आहे, कमी नाही, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. खरवडून काढता येईल. पण व्हाइट मेटल हाताने स्क्रेप करणारा माणूस आता इंदुरात सापडेल का? मी लेथवाला. ते माझं काम नाही, आणि येत नसलेल्या कामाला मी हात घालणार नाही.

फिटरची_मुलगी, इंदूर · सोमवार, दुपारी ३.३०

मी इथे फक्त वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितेय. माझे बाबा हुकुमचंद मिलमध्ये फिटर होते, १९९१ मध्ये मिल बंद होईपर्यंत. त्यांना हा धागा वाचून दाखवला. मशीनच्या शाफ्टची व्हाइट मेटलची बेअरिंगं ते हाताने स्क्रेप करायचे. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं लिहिते:

“जुना कॅम फेकू नका. त्याच्या मधल्या जर्नलवर तिरकी खाच पाडा, तोच रीमर होईल. पुढचं आणि मागचं बुश त्याला रेषेत धरतील. निळं लावा, बघा, काढा, पुसा. घाई नको.”

ते यायला तयार आहेत. गुडघे दुखतात म्हणून रिक्षाने आणावं लागेल, एवढंच. आणि पैशांचं काही बोलू नका, त्यांना ते आवडणार नाही.

रामबागवाला · सोमवार, दुपारी ३.५०

ताई, मी स्वतः गाडी घेऊन येतो काकांना न्यायला.

रामबागवाला · गुरुवार, रात्री ९.३०

कालचा आणि आजचा दिवस लिहून ठेवतो. जसं झालं तसं, म्हणजे दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल.

काकांनी आल्या आल्या कॅमला हातच लावला नाही. ब्लॉकभोवती एक चक्कर मारली, मधल्या बुशात करंगळी फिरवली आणि डोळे मिटून म्हणाले, “इथे.” बरोबर ती चकती.

मग जुना कॅम मागितला. खरं सांगतो, तो देताना हात जरा थांबला. १९७६ पासूनचा तो, बाबांनी चालवलेला. काकांनी ओळखलं असावं. म्हणाले, “वाया नाही जात, कामाला लागतोय.” टर्नरदादांनी मधल्या जर्नलवर तिरकी खाच पाडून दिली. काकांनी तिची एक धार तेलाच्या दगडावर इतकी हलकी घासली की मला फक्त आवाज आला, फरक दिसला नाही.

सुरुवात करण्याआधी त्यांनी बुशातलं तेलाचं भोक जाड ग्रीसने बुजवलं, म्हणजे कीस गॅलरीत (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटेत) जाणार नाही. मला हे सुचलं नसतं. मग खाचेचा कॅम आत घालून एकाच दिशेने फिरवायचा. उलटा फिरवायचा नाही, नाहीतर कीस धारेखाली चिरडून बुशात रुततो. दर दहा फेऱ्यांनी बाहेर काढून खाच पुसायची. पहिल्यांदा काढला तेव्हा खाचेत चांदीच्या वर्खासारखा बारीक कीस होता. तिसऱ्या वेळी कॅमची ओढ कमी झाली. सातव्या वेळी खाच कोरडी निघाली. काका म्हणाले, रेघ मिळाली.

पण त्याने फक्त रेघ मिळते, फट नाही, कारण खाचेचं जर्नल कॅमच्याच मापाचं. तेलाची फट हातानेच काढायची. त्यासाठी त्यांच्याकडे जुन्या त्रिकोणी कानशीची केलेली स्क्रेपर होती, हातभर लांब दांड्याची. जर्नलवर प्रशियन ब्लू बोटाने लावलं, इतकं पातळ की निळं नाही, धुरकट दिसावं. कॅम घालून एक फेरी, बाहेर. टॉर्च मागून धरायचं काम माझं. बुशात जिथे निळा डाग तिथे उंचवटा. स्क्रेपर पुढच्या बुशातून आत घालून फक्त तो डाग खरवडायचा, पुढच्या वेळी आडव्या दिशेने. पुढच्या बुशाला ओरखडा जाऊ नये म्हणून त्यात पोस्टकार्डाची गुंडाळी घातली होती.

सुरुवातीला तीन मोठे डाग होते. संध्याकाळपर्यंत पंधरा-वीस बारीक ठिपके झाले, सगळीकडे सारखे पसरलेले. काका म्हणाले ठिपके वाढले की समजायचं बसतंय. मला वाटलं झालं. त्यांनी कॅम काढून ठेवला आणि उद्या बघू म्हणाले, कारण डोळे थकल्यावर माणूस जास्त काढतो, आणि काढलेलं परत लावता येत नाही.

आज सकाळी आणखी चार वेळा. मग टेलिस्कोपिक गेजने माप: आतून १.७३०५, काठाशीही तेवढंच. दीड थाऊ फट. बरोबर मधोमध.

सांवेररोड_टर्नर · गुरुवार, रात्री ९.५५

मी दोन वेळा जाऊन बघून आलो. लेथवर तीस वर्षं काम करतोय, पण हातात इतका अंदाज मी बघितला नव्हता. काकांची परवानगी घेऊन रविवारी माझ्या दोन्ही पोरांना त्यांच्याकडे पाठवतोय. हे काम कुणीतरी शिकून घ्यायलाच हवं.

रामबागवाला, आता धुणं महत्त्वाचं. गॅलरीचे प्लग काढले का?

रामबागवाला · गुरुवार, रात्री १०.१०

सगळे काढले. ग्रीस तारेने काढलं, मग डिझेल पिचकारीने मारलं, मग हवा. तिन्ही बुशांच्या भोकांतून धार स्वच्छ पांढऱ्या रुमालावर घेतली. चौथ्या रुमालावर एक कणही नाही आला तेव्हा थांबलो.

बडोद्याची_काळी_मार्क२ · शुक्रवार, सकाळी ७.१५

माझा कॅम व्ही-ब्लॉकवर तपासला, सुई १ थाऊच्या आत. कापडात गुंडाळून सागवानी पट्टीला तीन ठिकाणी बांधून आज रात्रीच्या बसने पाठवतोय. उतरवून घेताना आडवा आपटू देऊ नका.

एक सांगून ठेवतो, जुने टॅपेट त्यावर तसेच घालू नका. ते तुमच्या आधीच्या लोबवर झिजलेत. तळ घासून घ्या किंवा नवीन घाला, नाहीतर माझ्या कॅमचे लोबही महिन्याभरात जातील. आणि बांधताना लोबवर मोलिब्डेनमची पेस्ट लावा, साधं तेल पुरत नाही.

रामबागवाला · रविवार, दुपारी ४.४५

कॅम काल पोहोचला. बाबांच्या नेमाने सकाळी देवापुढे ठेवला, मग घातला.

शेवटच्या इंचाला मी श्वास रोखला होता. तो स्वतःच्या वजनाने आत गेला. गियर लावून काकांना म्हटलं, तुम्ही फिरवा. त्यांनी अंगठा आणि एक बोट लावलं, एक झटका दिला, आणि गियर सव्वादोन फेऱ्या फिरून थांबला. कुठेही जड नाही. प्लेट लावली, व्हाइट मेटल आत, सरक ५ थाऊ. लष्करकर, तुमची आठवण काढून दोनदा तपासली.

मग पिचकारीने गॅलरीत तेल भरत कॅम फिरवला. ब्लॉकच्या मागच्या टोकाला, जिथून रॉकरकडे तेल जातं, त्या भोकात तेल हळूच वर आलं आणि काठाशी फुगून थांबलं. पुढे, प्लेटच्या बारीक भोकातून दर फेरीला थेंब सुटत होता, तो चेनसाठी. पुढच्या जर्नलवरची खाच भोकासमोर आली की थेंब, गेली की बंद. इंजिन एवढी वर्षं चाललं, पण हे होताना मी पहिल्यांदा बघितलं.

वाकलेला कॅम शॉपने काही न बोलता परत घेतला आणि पैसे दिले. टॅपेट नवीन सांगितलेत, आले की क्रँक.

लष्करकर · रविवार, संध्याकाळी ६.१०

अभिनंदन! आता माझं काम ऐका. मार्क २ चं दुसरं इंजिन माझ्याकडे उघडं पडलंय, मधलं बुश तसंच ठोकलेलं. तो खाचेचा कॅम मिळेल का काही दिवसांसाठी?

रामबागवाला · रविवार, संध्याकाळी ६.३०

मिळेल. धारेवर ग्रीस लावून पाठवतो. एकाच दिशेने फिरवा, पुढून बघताना घड्याळाच्या काट्याप्रमाणे, खाचेजवळ पांढऱ्या रंगाचा बाण काढला आहे. काम झालं की परत पाठवा, तो बाबांचा आहे.

फिटरची_मुलगी · रविवार, रात्री ८.००

लष्करकर, बाबा विचारतायत, तुमच्याकडे निळं आहे का? नसेल तर तेही पार्सलमध्ये टाकायला सांगतात.